एआर-८८डी ला मॉनिटर स्कोप जोडताना: आयएफ कुठून घ्यावं आणि कसं?

लघुलहर (प्रश्न)

नमस्कार मंडळी.

आरसीएचा एआर-८८डी रिसीव्हर आणि हीथकिटचा एसबी-६१० मॉनिटर स्कोप यांची जोडी जमवायची आहे. ८० आणि ४० मीटर बँडवर येणाऱ्या एएम आणि एसएसबी (कॅरिअरशिवाय एकच साइडबँड) सिग्नलचा एन्व्हलप, म्हणजे उंचीच्या चढउताराची बाह्यरेषा, स्कोपवर पाहायचा, एवढाच हेतू. ट्रान्समीटरची बाजू सध्या नको.

आत्ताची जोडणी: शेवटच्या आयएफ (इंटरमीडिएट फ्रिक्वेन्सी, रिसीव्हरच्या आतली ठरलेली फ्रिक्वेन्सी) व्हॉल्व्हच्या प्लेटवरून ४७ पीएफचा कपॅसिटर, पुढे दीड मीटर आरजी-५८ कोॲक्स, ती थेट स्कोपच्या आयएफ इनपुटला. त्याचे दोन परिणाम दिसतात.

१. कपॅसिटर लावताच रिसीव्हर मंदावतो. एकाच स्थिर सिग्नलवर एव्हीसीचं (सिग्नलप्रमाणे गेन आपोआप सावरणाऱ्या सर्किटचं) व्होल्टेज उणे ६ वरून शून्याच्या दिशेने, उणे ३ च्याही अलीकडे येतं.

२. एवढं करूनही स्कोपवर उंची जेमतेम २-३ मिलिमीटर. गेन पूर्ण वाढवला तरी तेवढीच.

स्कोप तसा ठीक आहे. आडवी रेषा स्वच्छ येते, फोकस होतो. तो आधी हीथकिटच्याच एसबी-३०० रिसीव्हरबरोबर वापरात होता. कपॅसिटरची किंमत चुकली, जागा चुकली, की स्कोपमध्येच काही बदलावं लागेल?

---

कॅथोडकिरण

तुमचे दोन्ही परिणाम वेगवेगळ्या कारणांचे आहेत. म्हणून एकच दुरुस्ती करून भागणार नाही.

दुसरा आधी घेतो, कारण उत्तर तुमच्या शेवटच्या ओळीतच आहे. एसबी-३०० चा आयएफ ३३९५ किलोहर्ट्झ, एआर-८८डी चा ४५५. या जातीच्या मॉनिटर स्कोपमधला व्हर्टिकल ॲम्प्लिफायर प्रयोगशाळेतल्या स्कोपसारखा सर्व फ्रिक्वेन्सींना सारखा नसतो. त्याच्या प्लेटमध्ये एक कॉइल असते आणि ज्या रिसीव्हरबरोबर स्कोप वापरायचा, त्याच्या आयएफप्रमाणे ती बसवायची असते. सीआरटीच्या (स्कोपच्या पडद्याच्या नळीच्या) डिफ्लेक्शन प्लेट्सना दर इंचाला दहाच्या कितीतरी पट व्होल्ट लागतात. एका व्हॉल्व्हमधून एवढं मिळवायचं तर ट्यून्ड लोडच हवा. तुमच्या स्कोपमध्ये बहुधा ३३९५ ची कॉइल आहे. ४५५ ला त्या कॉइलचा रिॲक्टन्स इतका कमी की प्लेट जवळजवळ शॉर्टच. गेन कितीही फिरवा, उंची येणार नाही.

खात्री करायला रिसीव्हर बाजूला ठेवा. सिग्नल जनरेटरवरून अर्धा व्होल्ट थेट स्कोपच्या आयएफ इनपुटला द्या आणि फ्रिक्वेन्सी ४०० किलोहर्ट्झपासून ४ मेगाहर्ट्झपर्यंत हळू सरकवा. पट्टा ३.४ मेगाहर्ट्झच्या आसपास उंच झाला, तर कॉइलच दोषी.

४५५ साठी बदल असा. एल (इंडक्टन्स) आणि सी (कपॅसिटन्स) यांचा गुणाकार सुमारे ५६ पटीने वाढायला हवा. १ मिलिहेन्रीच्या कॉइलला ४५५ वर एकूण १२२ पीएफ लागतात. त्यातले साधारण २० पीएफ व्हॉल्व्ह, वायरिंग आणि सीआरटीच्या प्लेट्स यांतच असतात, म्हणून बाहेरून १०० पीएफ सिल्व्हर मायका लावा. कॉइलला समांतर २२ किलोओहमचा रेझिस्टर हवाच. तो नसेल तर क्यू (ट्यूनिंगचा टोकदारपणा) खूप चढतो, बँडविड्थ अरुंद होते आणि एन्व्हलपचे कोपरे गोल दिसायला लागतात. मग समोरच्याचं मोड्युलेशन आहे त्यापेक्षा गुळगुळीत भासतं. २२ किलोओहमने क्यू ८ च्या आत येतो, बँडविड्थ ५५ ते ६० किलोहर्ट्झ मिळते. आवाजासाठी हे भरपूर झालं.

कॉइल निवडताना तिचा डीसी करंट पाहा, कारण व्हॉल्व्हचा प्लेट करंट तिच्यातूनच जातो. केसासारख्या बारीक तारेची चिमुकली चोक तिथे टिकणार नाही.

आता पहिला परिणाम. दीड मीटर आरजी-५८ म्हणजे जवळजवळ १५० पीएफ. ४७ आणि १५० सिरीजमध्ये आले की प्लेटला दिसतात ३६ पीएफ. आयएफ ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर साधारण १२० पीएफ आहेत असं धरलं, तर ती ४५५ वरून थेट ४०० किलोहर्ट्झच्या जवळ घसरते. एव्हीसी निम्मं होणं अगदी स्वाभाविक आहे.

उपाय म्हणजे कपॅसिटर २.२ पीएफ, त्याहून जास्त नको. सिरॅमिक, १ किलोव्होल्टचा. तो शॉर्ट झाला तर प्लेटचे दोनशे-अडीचशे व्होल्ट कोॲक्सच्या मधल्या तारेवर येतात, म्हणून इथे जुन्या पेटीतला अनोळखी कपॅसिटर वापरू नका. तो सॉकेटच्या पिनवरच सोल्डर करा, पाय जेमतेम ठेवून. व्हॉल्व्ह ६एसजी७ असेल तर प्लेट ८ नंबरच्या पिनवर मिळेल. कपॅसिटरच्या दुसऱ्या टोकापासून कोॲक्स सुरू, आणि तिची जाळी त्याच सॉकेटजवळ चॅसीला. जाळी मागच्या पॅनेलवरच जोडून मधला भाग उघडा ठेवलात तर शेवटच्या स्टेजचा आयएफ पहिल्या स्टेजच्या ग्रिडपर्यंत पोचतो आणि रिसीव्हर शिट्टी मारायला लागतो.

केबलही बदला. आरजी-६२ मीटरला ४४ पीएफच घेते. ६० सेंटिमीटरमध्ये सगळं बसत असेल तर प्लेटवरच्या १० व्होल्टांतले सुमारे ०.४ व्होल्ट स्कोपपर्यंत पोचतील. तुमच्या दीड मीटर आरजी-५८ बरोबर २.२ पीएफ लावलात तर ०.१५ च्याही खाली.

२.२ पीएफनेही प्रायमरी तीन-चार किलोहर्ट्झ सरकते. तेवढं ट्रिमरमध्ये सहज भरून निघतं. स्कोप जोडलेला आणि चालू ठेवून, अशक्त सिग्नलवर, फक्त शेवटच्या ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी एव्हीसी कमाल येईपर्यंत फिरवा. स्क्रूड्रायव्हर प्लॅस्टिकचा किंवा फायबरचा. बाकीच्या आयएफला हात लावू नका. क्रिस्टल फिल्टरभोवतीचं अलाइनमेंट एकदा बिघडलं की परत जमवणं फार वेळखाऊ काम आहे.

एक महत्त्वाचं. एसबी-६१० उघडणार असाल तर आत हजार व्होल्टच्या वरचा सप्लाय आहे आणि तो चॅसीच्या सापेक्ष उणे आहे. म्हणजे सीआरटीचा कॅथोड, ग्रिड, तसेच इंटेन्सिटी आणि फोकसचे पोटेन्शिओमीटर त्याच व्होल्टेजला तरंगत असतात. प्लग काढा, मग लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या दांड्याला बांधलेल्या १०० किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरने एचव्ही (उच्च व्होल्टेज) कपॅसिटर चॅसीला लावून काही सेकंद धरा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडू नका, त्याने कपॅसिटर आणि रेक्टिफायर दोघांनाही झटका बसतो. मोजायचंच असेल तर बहुतेक मल्टिमीटरची मर्यादा १००० व्होल्ट असते हे लक्षात ठेवा. एचव्ही प्रोब वापरा.

---

शून्यबीट

वरच्या सूचनेत एक भर. एआर-८८ मध्ये एसएसबी ऐकायला बीएफओ (कॅरिअरची जागा घेणारा रिसीव्हरमधलाच ऑसिलेटर) लावावा लागतो, आणि त्याचं इंजेक्शन डिटेक्टरच्या जवळच होतं. तुम्ही आयएफ तिथूनच उचलताय. त्यामुळे बीएफओ चालू केलात की स्कोपवर सिग्नल नसतानाही एक जाड, सपाट पट्टा येईल. सिग्नल आला की दोघांची बेरीज दिसेल आणि ती एएमसारखी भासेल. ते समोरच्या ट्रान्समीटरचं चित्र नव्हे.

मार्ग दोन. साधा मार्ग, पाहताना बीएफओ बंद ठेवा. आवाज बदकासारखा येईल, पण स्कोपवरचा एन्व्हलप खरा असेल. दुसरा मार्ग, आयएफ एक स्टेज आधी, म्हणजे शेवटच्या आयएफ व्हॉल्व्हच्या ग्रिडवरून घ्या. तिथे बीएफओ पोचतो तो फक्त गळतीने. पण तिथे व्होल्टेजही एका स्टेजच्या गेनइतकं कमी असतं, आणि ग्रिडवर नुसता कपॅसिटर लावून कोॲक्स ओढणं चालणार नाही. तिथे बफर (आधीच्या सर्किटवर भार न टाकता सिग्नल पुढे देणारी स्टेज) लागेलच.

काचेच्या व्हॉल्व्हवर इन्सुलेटेड तारेचे दोन वेढे गुंडाळून आयएफ चोरण्याची जुनी युक्ती आहे. ती इथे लागू पडत नाही. ६एसजी७ चं कवच धातूचं असतं आणि १ नंबरच्या पिनमधून जमिनीला जोडलेलं असतं, त्यामुळे बाहेर काहीच मिळत नाही.

---

लघुलहर

दोघांचेही आभार. जनरेटर लावून पाहिला: ३.४ मेगाहर्ट्झला पट्टा ३० मिलिमीटर, ४५५ ला २ मिलिमीटर. कॉइल बदलतो.

बफरबद्दल विचारायचं होतं. व्हॉल्व्हचा बरा की जेफेटचा (फील्ड-इफेक्ट ट्रान्झिस्टरचा)? आणि रिसीव्हरला भोक न पाडता बसेल असा हवा.

---

जुनेयंत्र

दोन्ही चालतात. भोक पाडायचं नसेल तर जेफेट. टपाल तिकिटाएवढ्या बोर्डवर होतो आणि सॉकेटच्या स्क्रूखाली एका टॅगने धरता येतो.

जे३१० चा सोर्स फॉलोअर घ्या. ड्रेन १२ व्होल्टला आणि ०.१ मायक्रोफॅरॅडने जमिनीला. सोर्समध्ये १ किलोओहम. गेटवरून जमिनीला १ मेगओहम. आउटपुट सोर्सवरून ०.०१ मायक्रोफॅरॅड आणि सिरीजमध्ये ४७ ओहम, मग कोॲक्स. हे ४७ ओहम टाळू नका. फॉलोअरच्या पुढे केबलची कपॅसिटन्स आली की तो स्वतःच ऑसिलेट व्हायला पाहतो.

इनपुटचा कपॅसिटर कुठून घेताय त्यावर ठरतो. प्लेटवरून घेत असाल तर १ पीएफ पुरे, तोही गिमिक: दोन इन्सुलेटेड तारा एक-दीड सेंटिमीटर एकमेकींभोवती पिळायच्या. तारेचं इन्सुलेशन ६०० व्होल्टचं असावं, टेफ्लॉन असेल तर उत्तम. बलवान स्टेशनवर प्लेटला १० व्होल्ट पीक सहज येतात. १ पीएफ आणि गेटचे ४-५ पीएफ मिळून ते २ व्होल्टच्या आसपास उतरतात. १२ व्होल्ट सप्लायवर जेफेट तेवढं निमूट सोसतो. १० पीएफ लावलात तर मात्र जेफेटच क्लिप होईल. मग प्रत्येक स्टेशन फ्लॅट-टॉप करतंय, म्हणजे त्याचे शेंडे कापले जातायत, असं वाटेल आणि दोष विनाकारण समोरच्याच्या माथी बसेल. ग्रिडवरून घेत असाल तर २.२ ते ३.३ पीएफ.

सप्लाय हीटरवरून काढता येतो. ६.३ व्होल्ट एसी, दोन १एन४००७, दोन ४७० मायक्रोफॅरॅड, असा डबलर केला की १६ व्होल्टच्या आसपास मिळतात. मग १२ व्होल्टचा ७८एल१२. हीटरची एक बाजू जमिनीला आहे हे आधी तपासा, म्हणजे डबलरची जमीन तीच धरता येते. बी-प्लसवरूनही (व्हॉल्व्हच्या प्लेटच्या सप्लायवरूनही) येईल: २५० व्होल्टवरून २२ किलोओहम, ५ वॅट आणि १२ व्होल्टचा झेनर. पण त्यात अडीच वॅट उष्णता चॅसीच्या पोटात वाढते. मला हीटरचाच मार्ग पसंत आहे.

व्हॉल्व्हच हवा असेल तर ६सी४. प्लेटला १५० व्होल्ट, ०.०१ मायक्रोफॅरॅडने बायपास, कॅथोडला २.२ किलोओहम, ग्रिडला १ मेगओहम. हीटर ०.१५ अँपिअर घेतो, ट्रान्सफॉर्मरला ते जाणवणार नाही. वाजवी काम करतो, आणि चुकून जास्त सिग्नल आला तरी मरत नाही.

स्कोप आणि रिसीव्हर जवळ ठेवताना आणखी दोन गोष्टी.

स्कोपच्या ॲम्प्लिफायरमध्ये ४५५ ची मोठी पातळी असते. ती अँटेनापर्यंत पोचली की तिचे हार्मोनिक ऐकू येतात. चौथा १८२० किलोहर्ट्झला, आठवा ३६४० ला, म्हणजे १६० आणि ८० मीटर दोन्हीकडे. स्कोपचा डबा पूर्ण बंद आणि सगळे स्क्रू घट्ट हवेत. अँटेनाची केबल स्कोपच्या मागून नेऊ नका. शिट्टी स्कोपची आहे का, हे स्कोपचा व्हर्टिकल गेन शून्यावर आणून कळतं. आणि शिट्टीऐवजी एकसारखी घरघर येत असेल तर ती स्वीपच्या सॉटूथची. स्वीप बंद करून पाहा.

दुसरं, सीआरटी ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्राला फार हळवी असते. आडवी रेषा सापासारखी हलत असेल आणि इनपुट काढूनही हलत असेल, तर कपॅसिटर बदलत बसण्याआधी स्कोप रिसीव्हरपासून अर्धा मीटर दूर सरकवा, किंवा ९० अंशांत फिरवून ठेवा. रिसीव्हरच्या डोक्यावर ठेवणं सर्वात वाईट.

---

शून्यबीट

जोडणी झाली की खरा प्रश्न येतो: दिसतंय ते कोणाचं? स्कोप समोरच्याचा ट्रान्समीटर दाखवत नाही, तुमच्या फिल्टरमधून, तुमच्या एव्हीसीखालून गेलेला सिग्नल दाखवतो. त्यामुळे कोणाला रिपोर्ट देण्याआधी एवढं तपासावं.

एएम पाहताना एआर-८८ चा सिलेक्टिव्हिटी स्विच १ किंवा २ वर हवा. ३ पासून पुढे क्रिस्टल येतो. त्यात साइडबँड कापले जातात आणि उंच सुराचं मोड्युलेशन आहे त्यापेक्षा कमी दिसतं. डायल जरा बाजूला असला तर एकच साइडबँड कापला जातो आणि एन्व्हलपचा आकारच बदलतो. कॅरिअर मधोमध बसवून मग पाहा.

मोड्युलेशनची टक्केवारी काढायला सर्वात उंच भागाची उंची आणि सर्वात अरुंद भागाची उंची मोजा. दोघांच्या वजाबाकीला दोघांच्या बेरजेने भागा. ३० आणि १० मिलिमीटर असतील तर २० भागिले ४०, म्हणजे ५० टक्के. अरुंद भाग मिटून मध्ये आडवी चकचकीत रेघ दिसली तर समोरचा १०० टक्क्यांच्या पुढे गेला आहे. पण ४० मीटरवर सिलेक्टिव्ह फेडिंगमध्ये कॅरिअर एकटाच बुडतो आणि तेव्हाही अगदी तशीच रेघ येते. ती सतत दिसते की लाटेसारखी येते-जाते, हे अर्धा मिनिट पाहून ठरवा.

एसएसबीला शेंडे सपाट दिसले तर लगेच फ्लॅट-टॉपिंग म्हणू नका. एव्हीसी बंद करा, आरएफ गेन चांगला खाली आणा आणि स्कोपचा गेन वाढवून उंची पूर्ववत करा. सपाटपणा गेला तर तो तुमच्याच शेवटच्या आयएफचा किंवा बफरचा होता. तसाच राहिला तर समोरच्याचा. ही एक चाचणी केल्याशिवाय कोणालाही ‘तुमचा लिनिअर ओव्हरड्राइव्ह आहे’ असं सांगणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

उलटही घडतं. प्रत्येक शब्दाच्या सुरुवातीला एक उंच सुळका आणि लगेच खाली, असं दिसलं तर तो एव्हीसी पकड घेईपर्यंतचा काळ. तोही तुमचाच.

स्वीप २० ते ३० हर्ट्झवर ठेवा. आवाजाचे चढउतार त्यात नीट कळतात. आणि इंटेन्सिटी कमी. सिग्नल नसताना बारीक, प्रखर रेषा तासन्‌तास एकाच जागी राहिली तर फॉस्फर तिथे कायमचा जळतो.

---

दोनधागे

याच विषयात एक विचारतो. मॉनिटर स्कोप नाही, साधा डिजिटल स्कोप आहे. रिसीव्हर हॅलिक्राफ्टर्सचा एस-३८, आयएफ ४५५. ×१० प्रोब थेट प्लेटवर लावून काम होईल का? आणि एन्व्हलपऐवजी कधी उंच तर कधी सपाट, निरर्थक लाटा का दिसतात?

---

कॅथोडकिरण

प्रोब लावण्याआधी थांबा. एस-३८ मध्ये पॉवर ट्रान्सफॉर्मर नाही, हीटर सिरीजमध्ये असतात आणि बी-मायनस (प्लेटच्या सप्लायची उणे बाजू) थेट मेन्सच्या एका तारेवर असतो. तुमच्या स्कोपच्या प्रोबची जमीन-क्लिप अर्थिंगला जोडलेली असते. ती त्या रिसीव्हरच्या बी-मायनसला लावली आणि प्लग उलटा असेल, तर मेन्स थेट अर्थला शॉर्ट. रिसीव्हरला आधी १:१ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. ऑटोट्रान्सफॉर्मर किंवा व्हेरिॲक याला पर्याय नाही, त्यात दोन्ही बाजू जोडलेल्याच असतात. स्कोपची अर्थ पिन कापणं हा तर उपाय नव्हेच, त्याने स्कोपचा सगळा डबाच मेन्सला जातो.

ते झाल्यावर: ×१० प्रोबची कपॅसिटन्स १० ते १५ पीएफ असते. प्लेटवर तीही जास्तच, त्यामुळे प्रोबच्या टोकाशी २.२ पीएफ सिरीजमध्ये लावा. ×१ वर कधीच नको, तो १०० पीएफच्या आसपास टाकतो.

लाटांचं कारण अलायझिंग. २० मिलिसेकंद प्रति चौकट म्हणजे पडद्यावर २०० मिलिसेकंद. स्कोपची मेमरी २५०० बिंदूंची असेल तर सेकंदाला फक्त १२,५०० नमुने, आणि सिग्नल ४,५५,००० हर्ट्झचा. नमुने अधूनमधून कुठेतरी पडतात आणि नसलेलीच लाट काढून दाखवतात. ॲक्विझिशन मेनूमध्ये पीक डिटेक्ट लावा. त्यात प्रत्येक टप्प्यातला सर्वात वरचा आणि सर्वात खालचा बिंदू राखला जातो, म्हणजे एन्व्हलप भरीव दिसतो. मेमरी मोठी असेल तर ती पूर्ण वापरा. २०० मिलिसेकंदांना १० लाख बिंदू मिळाले तर सेकंदाला ५० लाख नमुने होतात, मग साध्या मोडमध्येही चित्र खरं येतं.

---

लघुलहर

कॉइल १ मिलिहेन्री, १०० पीएफ, २२ किलोओहम बसवली. पट्ट्याची कमाल उंची ४३८ किलोहर्ट्झला येते, ४५५ ला किंचित कमी. आरजी-६२ ६० सेंटिमीटर, २.२ पीएफ, बफर अजून नाही. बलवान स्टेशनवर २५ मिलिमीटर मिळतात आणि प्रायमरी पुन्हा ट्यून केल्यावर एव्हीसी उणे ५.८ वर आलं. ४३८ चं ४५५ करायला कपॅसिटर किती कमी करू?

---

कॅथोडकिरण

४३८ ला १ मिलिहेन्रीबरोबर एकूण १३२ पीएफ होतात, हवेत १२२. म्हणजे १०० काढून ९१ पीएफ लावा. पण बँडविड्थ ५५ किलोहर्ट्झच्या वर असताना १७ किलोहर्ट्झच्या फरकाने उंची फार तर १५-२० टक्के कमी येते, एन्व्हलपचा आकार जवळजवळ तोच राहतो. एवढ्यासाठी एचव्हीचा डबा पुन्हा उघडू नका. बफरच्या कामाला किंवा दुसऱ्या दुरुस्तीला उघडाल तेव्हा बदला.